दुकानापासून बैठकीपर्यंत

हर्णे बंदरांत मासळीचा लिलाव पाहावयास गेलेल्या प्रवाशाची दृष्टि प्रथम सुवर्णदुर्गाकडे वळते. १७५५ सालीं कमोडोर जेम्स यानें हा किल्ला तुळाजी आंग्र्यापासून घेतला, ही हकीकत आपण शाळेंत वाचलेली असते. परंतु होडी किनाऱ्यास लागावी, लिलाव आटोपावा, हातीं रोकड पडावी आणि घर गांठण्यापूर्वींच ती गुत्त्यांत जावी, हा जो पराभव कोंकणच्या प्रत्येक बंदरास परिचित आहे, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. अशा एखाद्या खलाशास एके दिवशीं मनापासून दारू सोडावीशी वाटली, तर त्यानें जावें कोठें? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें, म्हणजे आपल्याकडील दारूविरोधी चळवळीची एक उणीव दिसूं लागते.

ही चळवळ जुनी आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू व ताडी-माडी यांवर सरकारची पकड घट्ट केली. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं दारूच्या दुकानांच्या वाढीस हरकत घेतली. १९०८ सालीं टिळकांच्या पाठिंब्यानें पुण्यांत दुकानांवर पहारे बसले. १९३० सालीं तेंच काम स्त्रियांनीं हातीं घेतलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली आणि १९४९ च्या कायद्यानंतर ती सर्व राज्यभर पसरली. पुढें ती शिथिल झाली. अलीकडे ‘आडवी बाटली’ला मत देऊन गांवचें दुकान बंद करण्याचा मार्ग स्त्रियांस मोकळा झाला आहे. या प्रयत्नांचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र त्यांचा सारा रोख दुकानावर होता. पिणारा माणूस एक तर गुन्हेगार ठरला, नाहीं तर दयेचा विषय.

त्याच्यासाठीं आपल्यापाशीं एकच उपाय होता: शपथ. ग्रामदेवतेपुढें नारळ ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते. पण ती शिमग्यापर्यंतही टिकत नाहीं, असा अनुभव पुष्कळ घरांत आहे. कारण शपथ एकदांच घेतली जाते, आणि तहान रोज लागते. शिवाय ती पाळावयाची असते एकट्यानें.

यावरील उपाय पिणाऱ्यांनींच शोधून काढला. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १८४० सालीं सहा मद्यप्यांनीं एकत्र येऊन मंडळ काढलें. आपापली कहाणी उघडपणें सांगावी, अशी त्यांची रीत होती. तें वेगानें पसरलें, आणि बाहेरच्या वादांत सांपडून थोड्याच वर्षांत विरलें. पुढें १९३५ सालीं बिल विल्सन नांवाचा शेअरबाजारांतील एक गृहस्थ ॲक्रन गांवीं आला होता. त्यानें नुकतीच दारू सोडली होती. तेथील व्यवहार फसला, आणि आतां आपण पुन्हां पिऊं या भयानें तो दुसऱ्या एखाद्या मद्यप्याचा शोध करूं लागला. त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य भेटले. विल्सन उपदेश करावयास गेला नव्हता, स्वतः वांचावयास गेला होता. या भेदांतच सारें मर्म आहे. स्मिथ यांनीं दारू सोडली तो १० जून हा ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. या संस्थेंत सक्तीची वर्गणी नाहीं, राजकीय पक्ष नाहीं, नांव उघड करण्याचा आग्रह नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट.

१९५७ सालीं या बैठका मुंबईंत सुरू झाल्या. १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, पुण्यास ‘मुक्तांगण’ उभारलें. उपचार संपून माणूस घरीं गेला, तरी त्याचा पाठपुरावा चालू राहिला पाहिजे, आणि त्याच्या पत्नीसही आधार हवा, हें तेथें ओळखलें गेलें.

बैठक कोठें भरते याची चौकशी त्या संस्थेकडे किंवा सरकारच्या १४४४६ या मदतवाहिनीवर करतां येते. ‘खुल्या’ बैठकीस घरच्या माणसांनाही बसतां येतें. ‘बंद’ बैठक केवळ पिणाऱ्यांची. जो रोज पुष्कळ पितो, त्यानें एकाएकीं दारू तोडूं नये. तें जिवावर बेतूं शकतें, म्हणून आधीं डॉक्टरास भेटावें.

लहान गांवांत खरी अडचण लाजेची. जेथें प्रत्येक जण दुसऱ्याची होडी शिडावरून ओळखीत आला, तेथें नांव कसें झांकावें? कोणी यासाठीं परगांवची बैठक पसंत करील, तर त्यास हंसूं नये. पण गुपित आपल्या पिण्याचें कधींच नव्हतें. तें सगळ्या बंदरास ठाऊकच होतें. झांकावयाचें असतें तें बैठकींतलें बोलणें, आणि तें जपणें लहान गांवांतही अशक्य नाहीं.

जून-जुलैंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि संध्याकाळ रिकामी असते. दारूस हाच काळ सोयीचा, आणि बैठकीसही. सुशिक्षितांनीं व्याख्यान देण्याऐवजीं वाचनालयाची एक खोली उघडून द्यावी आणि आपण बाहेर बसावें. आंत किती माणसें हवींत? ॲक्रन येथें दोनच होतीं.