गुणांवरही दोषारोप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औषध लागू पडले की रोगी सुधारू लागतो, ही आपली साधी समजूत. ताप उतरतो, भूक लागते, चेहऱ्यावर तरतरी येते. मनाच्या उपचारात मात्र कधीकधी भलतेच घडते. एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने मानसोपचारतज्ज्ञाकडे येत असते. एके दिवशी बोलता बोलता मनातली एखादी जुनी गाठ सुटते. तिलाही ते पटते, हलके वाटते. पुढच्या भेटीला मात्र ती उशिरा येते आणि म्हणते, ‘‘मागच्या वेळच्या बोलण्यात काही अर्थ नव्हता. उलट माझा त्रास वाढलाय.’’ मदत मिळाली, आणि त्यामुळेच त्रास वाढला! या कोड्याने गेल्या शतकात मनोविश्लेषकांना चांगलेच सतावले. त्याचे एक उत्तर शोधता शोधता ते एका अतिपरिचित विकारापाशी येऊन पोचले. तो विकार म्हणजे असूया.

प्रथम ही गोष्ट फ्रॉइड यांच्या नजरेस आली. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या हकिगतीत त्यांनी नोंदवले आहे, की एखाद्या लक्षणाचा उलगडा झाला, की ते लक्षण जाण्याऐवजी काही काळ उफाळून येई. १९२३ सालच्या ‘द इगो अँड द इड’ या ग्रंथात त्यांनी त्याची कारणमीमांसा केली. काही रुग्णांच्या मनात खोलवर अपराधाची भावना दडलेली असते. आजार ही त्यांना शिक्षा वाटते आणि ती शिक्षा सोडायला ते तयार नसतात. प्रगती होते आहे असे म्हटले, की त्यांची प्रकृती बिघडते.

फ्रॉइड यांचे बर्लिनमधील सहकारी कार्ल अब्राहम यांनी त्याआधीच, १९१९ साली, या प्रश्नाची वेगळी बाजू पाहिली होती. काही रुग्ण उपचाराला नियमित येतात, भरपूर बोलतात. पण विश्लेषकाकडून काही घ्यायचे म्हटले, की त्यांना ते सोसत नाही. त्याचे ज्ञान त्यांना खुपते. ‘माझे मी बघून घेईन’ असा त्यांचा पवित्रा असतो. या वागण्यात असूयेचा अंश आहे, असे अब्राहम यांनी लिहून ठेवले. ही नोंद पुढे बराच काळ तशीच राहिली.

ती पुढे नेली त्यांच्या शिष्येने. मेलनी क्लाइन यांचा जन्म १८८२ सालचा, व्हिएन्नाचा. डॉक्टर व्हायची इच्छा लग्नामुळे मागे पडली. विद्यापीठाची पदवी अशी त्यांच्याकडे नव्हतीच. बुडापेस्टमध्ये त्यांची मनोविश्लेषणाशी ओळख झाली. पुढे बर्लिनला अब्राहम यांच्याकडे त्यांनी स्वतःचे विश्लेषण करवून घेतले. १९२५ च्या डिसेंबरात अब्राहम गेले, आणि दुसऱ्या वर्षी क्लाइन लंडनला आल्या. लहान मुलांना छोटी छोटी खेळणी द्यायची आणि त्यांच्या खेळातून त्यांचे मन वाचायचे, ही त्यांची पद्धत. तिथेही विरोध चुकला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या संस्थेत त्यांच्या मतांवर कडाक्याचे वाद झाले. विरोधात फ्रॉइड यांची कन्या ॲना होत्या, आणि क्लाइन यांची स्वतःची मुलगीही होती.

१९५५ साली जिनिव्हा येथील अधिवेशनात क्लाइन यांनी असूयेवर निबंध वाचला. तोच वाढवून १९५७ साली ‘एन्व्ही अँड ग्रॅटिट्यूड’ हे छोटे पुस्तक झाले. त्या वेळी त्यांचे वय होते ७५.

त्यांनी पहिल्यांदा काय केले, तर तीन शब्द वेगळे केले. लोभी माणसाला सगळे आपल्यालाच हवे असते. मत्सराला तीन माणसे लागतात. आपले माणूस तिसऱ्याने हिरावून नेऊ नये ही त्यातली तळमळ. आपल्याकडचा सवतीमत्सर आठवला म्हणजे झाले. असूयेला मात्र दोघेच पुरतात. दुसऱ्याजवळ काही चांगले आहे, एवढेच तिला सहन होत नाही. ते मिळवण्यापेक्षा ते नासवावे, अशी तिची ओढ असते.

इथे आपल्या अमरकोशाची आठवण होते. त्यात असूयेचा अर्थ दिला आहे, गुणांवरही दोषारोप करणे. ‘गुणांवरही’ या शब्दात सारे आले. दोष दाखवणे ही टीका झाली. जे चांगले आहे त्यालाच वाईट ठरवणे ही असूया. क्लाइन यांना उपचाराच्या खोलीत जे दिसले, ते नेमके हेच होते. विश्लेषकाने दिलेला अर्थ चांगला आहे, म्हणूनच तो बिघडवावा लागतो. मग त्यातून पोषण कसे मिळणार?

पुस्तकातले एक उदाहरण सांगतो. एका स्त्रीला नुकतेच व्यवसायात मोठे यश मिळाले होते. तिला स्वप्न पडले. ती जादूच्या गालिचावर बसून झाडाच्या शेंड्याहूनही उंच गेली आहे. तिथून एका खिडकीतून तिला दिसते, की खोलीत एक गाय ब्लँकेटची न संपणारी पट्टी चघळते आहे. स्वप्नाचा उलगडा होत गेला. गाय म्हणजे क्लाइन आणि ती लोकरीची पट्टी म्हणजे त्यांचेच बोलणे. ते निःसत्त्व शब्द त्यांनी स्वतःच गिळावेत, आणि आपण वरून पाहावे! आपल्या मनात हे आहे, हे कळल्यावर ती स्त्री हादरली, खोल उदासीतून गेली. पण क्लाइन यांच्या मते तीच पुढची पायरी होती. जिला आपण नासवत होतो, तिच्याचकडून आपल्याला काही मिळतही होते, हे त्या उदासीत उमगते.

असूया नेहमी उघड्या तोंडाने येत नाही, हेही क्लाइन यांनी दाखवले. कधी ती समोरच्याला देव्हाऱ्यात बसवते. देवाशी बरोबरी करायचा प्रश्नच येत नाही. कधी स्वतःलाच क्षुद्र ठरवते. कधी आपले वैभव मिरवून दुसऱ्याला जळवते, म्हणजे जळणारे आपण उरत नाही. यावर त्यांचा उपाय घाईचा नव्हता. रुग्णाला धीर देऊन तेवढ्यापुरते बरे वाटते, पण ते टिकत नाही. असूया दिसेल तिथे, रुग्णाला पेलेल अशा बेताने, पुन्हा पुन्हा तिच्याकडे पाहावे लागते. मग हळूहळू मिळालेले गोड लागू लागते, आणि त्यातून कृतज्ञता येते. पुस्तकाच्या नावात दोन शब्द आहेत, ते याचसाठी.

मात्र क्लाइन यांचा एक आग्रह अनेकांना मानवला नाही. असूया जन्मजात आहे, दूध देणाऱ्या आईविषयी ती तान्ह्या बाळाच्याही मनात असते, असे त्या म्हणत. त्यांच्या निकटच्या सहकारी पॉला हायमन याच सुमारास त्यांच्यापासून दुरावल्या. बालरोगतज्ज्ञ असलेले विनिकॉट यांचा सवाल साधा होता. बाळ एकटे कधी असते का? आई त्याला कसे सांभाळते, हे न पाहता त्याच्या मनावर असूयेचा शिक्का कसा मारायचा?

या सवालात उपचाराचाही एक धोका दडलेला आहे. रुग्ण म्हणाला, ‘तुमचे म्हणणे मला पटत नाही’, तर विश्लेषकाला म्हणता येते, ‘ही तुमची असूया!’ मग विश्लेषकाचे चुकले, हे सिद्ध व्हायची सोयच उरत नाही. क्लाइन यांचे शिष्य हर्बर्ट रोझेनफेल्ड यांनी आयुष्याच्या अखेरीस याचा गंभीरपणे विचार केला. त्यांच्या निधनानंतर, १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी बजावले, की असूयेचाच अर्थ सारखा काढत राहिले, तर रुग्णाला आपल्यावर आरोप होतो आहे असे वाटते आणि उपचार अडून बसतो. म्हणजे असूया शोधायला निघालेला उपचारकही रुग्णाच्या गुणांवर दोषारोप करू शकतो. रुग्णाचा नकार कधीकधी खराही असतो. उपचारकाच्या चुकीवर त्याने अचूक बोट ठेवलेले असते.

क्लाइन १९६० साली लंडनमध्ये वारल्या. त्यांच्या साऱ्या उपपत्ती आज सगळे मानतात असे नाही. पण मदत घेणे ही मोठी अवघड गोष्ट आहे, हे त्यांनी शिकवले. घेणाऱ्याला क्षणभर का होईना, मान्य करावे लागते, की माझ्याजवळ नाही ते या माणसाजवळ आहे. देणाऱ्याने हे ओळखले, आपला मोठेपणा जरा बाजूला ठेवला, तर त्या घेण्यातला काटा बोथट होतो. षड्‌रिपूंची यादी आपल्याला लहानपणापासून पाठ असते. शत्रू म्हटले की मारायचे, एवढेच आपल्याला ठाऊक. उपचाराच्या खोलीत मात्र त्या शत्रूला समोर बसवून विचारावे लागते, ‘बाबा रे, तुला नेमके काय हवे होते?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.