लष्करी घोड्यापासून घरच्या कुत्र्यापर्यंत

कुत्र्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवायचा आणि तो रक्तलेप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ही पद्धत आज मुंबई-पुण्याच्या पशुचिकित्सालयांत नित्याची असली, तरी भारतात तिचा उगम पाळीव प्राण्यांविषयीच्या जिव्हाळ्यात नसून ब्रिटिश लष्कराच्या घोड्या-उंटांच्या काळजीत आहे. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी सर्रा या रोगाने, म्हणजे वारंवार ताप येऊन जनावर खंगत जाते अशा दुखण्याने, ग्रासलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे परजीवी पाहिले आणि तेच रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादले. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना तत्पूर्वी उंदरांच्या रक्तात तशाच प्रकारचे जीव आढळले होते व ते निरुपद्रवी वाटले होते, त्यामुळे इव्हान्स यांच्या मताला वरिष्ठांकडून फारसा मान मिळाला नाही. 1885 मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांत हाच रोग अभ्यासणाऱ्या जे. एच. स्टील यांनी परजीवीला इव्हान्स यांचे नाव दिले, मात्र त्याचा वर्ग ओळखण्यात त्यांची गल्लत झाली. हेच स्टील 1886 मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत.

1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. परंतु संसर्गजन्य जंतूंवरील कामासाठी वस्तीपासून दूर, थंड जागा हवी म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तिचे मुख्य लक्ष्य गुराढोरांचा काळ ठरलेली बुळकांडी हे होते. कुत्र्या-मांजरांच्या दुखण्यांना त्या कामात दुय्यम स्थानही नव्हते.

कुत्र्याच्या वाट्याला रक्तलेप तपासण्याची ही विद्या आली ती शिकारीच्या वाटेने. 1901 मध्ये विल्यम लीशमन यांनी आपले रंजकद्रव्य, म्हणजे पेशींचे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखविणारा रंग, प्रसिद्ध केल्यावर रक्तलेपातील बारीक परजीवी ओळखणे सुकर झाले होते. 1910 मध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी ‘मद्रास हंट’ या शिकारमंडळाच्या कुत्र्यांच्या लाल पेशींत एक नवा परजीवी नोंदविला, जो आज बॅबेशिया गिब्सोनी या नावाने ओळखला जातो. पुढे तो कोल्ह्यांतही सापडला, म्हणजे ज्याच्या मागे कुत्रे सोडायचे तोच त्यांच्या रोगाचा भागीदार निघाला. गोचिडांमार्फत पसरणारा हा आजार भारतातील कुत्र्यांत अजूनही आढळतो. परजीवी अतिशय लहान, आणि जुनाट आजारात रक्तातील त्याची संख्या अत्यल्प, यामुळे रक्तलेप स्वच्छ दिसला तरी रोग नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यासाठी परजीवीच्या डीएनएचा अंश वाढवून शोधणारी पीसीआर तपासणी लागते.

तरीही रक्तलेपाचे महत्त्व पेशी मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांमुळे संपलेले नाही. या यंत्रांचा मूळ आराखडा माणसाच्या रक्तावर बेतलेला होता, ही बाब पशुचिकित्सेत पुरेशा गांभीर्याने घ्यायला हवी. मांजराच्या लाल पेशी माणसाच्या पेशींहून लहान आणि बिंबिका (प्लेटलेट्स) तुलनेने मोठ्या असल्यामुळे, त्या प्राण्यासाठी न जुळवलेले यंत्र एकीची गणना दुसरीत करते. बिंबिकांचे पुंजके झाले की आकडा आणखी फसवा होतो. म्हणून यंत्राच्या अहवालात मांजराच्या बिंबिका कमी दिसल्यास, उपचार ठरविण्यापूर्वी रक्तलेप डोळ्यांनी तपासणे आजही आवश्यक आहे.