दाबाखालचे रक्त : बार्सिलोनाच्या काचेच्या कुपीची गोष्ट

सप्टेंबर १९३६. स्पेनमधील यादवी युद्धाला जेमतेम दोन महिने झाले आहेत. बार्सिलोनाहून एक शीतपेटीची मोटार अरागॉनच्या आघाडीकडे निघते. एरवी तिच्यातून मासळीची ने-आण होत असे. आज तिच्यात सात लिटर मानवी रक्त आहे, काचेच्या बंद कुप्यांत भरलेले. दाते बार्सिलोनातच राहिले आहेत आणि हे रक्त कोणाला मिळणार, हे त्यांना कधीच कळणार नाही.

आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी १९२१ पासून रक्तदात्यांची नोंदवही ठेवली होती. रुग्णालयातून दूरध्वनी आला की दाता स्वतः उठून रुग्णाकडे जाई. रक्त म्हणजे चालत येणारा माणूस, अशीच तेव्हाची रीत होती. युद्धाच्या आघाडीवर मात्र रांगेने दाते कोठून आणायचे? आणि रक्त आधी काढून बाटलीत नेले, तरी ते जखमीच्या शरीरात शिरवायचे कसे?

या धाग्याचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. रक्तसंक्रमणाचा इतिहास सांगताना आपण रक्तगटांविषयी बोलतो, रक्त गोठू नये म्हणून काय केले हे सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण रक्ताला पुढे ढकलणारा जोर येतो कोठून, याकडे फारसे कोणी पाहत नाही. मला तर या इतिहासातला सर्वांत रंजक धागा तोच वाटतो.

आरंभ लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञापासून करू. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने डोळ्यांदेखत स्त्रिया मरताना त्याने पाहिल्या होत्या. कुत्र्यांवर प्रयोग करून त्याने ताडले, की एका जातीच्या प्राण्याचे रक्त दुसऱ्या जातीला चालत नाही. माणसाला माणसाचेच रक्त हवे. डिसेंबर १८१८ मध्ये त्याने एका मरणासन्न रुग्णाला मानवी रक्त दिले. तो रुग्ण वाचला नाही. पण पुढच्या दहा-अकरा वर्षांत काही बाळंतिणी वाचल्या.

ब्लंडेलने एकामागून एक दोन उपकरणे तयार केली, आणि त्या दोहोंत आपला सगळा विषय सामावलेला आहे. पहिल्याचे नाव ‘इम्पेलर’, म्हणजे ढकलणारे. दात्याचे रक्त एका पेल्यात पडे, पेल्याच्या दुहेरी भिंतीत कोमट पाणी असे, आणि खालची पिचकारी ते रक्त शिरेत रेटत असे. दुसरे ‘ग्रॅव्हिटेटर’. १८२९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे चित्र छापून आले. यात पिचकारी नाही. रक्ताचे पात्र उंच धरलेले, खाली लांब नळी, आणि काम करते ते केवळ गुरुत्वाकर्षण. एकच माणूस, एकच हेतू; तरी आधी दाब आणि मग उंची! पुढच्या सव्वाशे वर्षांत वैद्यक या दोन टोकांमध्येच हेलकावे खात राहिले.

पिचकारीची बाजूही तितकीच भक्कम होती. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ ब्रिटनभर पसरली असता स्कॉटलंडच्या लीथ बंदरातील डॉ. थॉमस लाट्टा यांनी रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. आजच्या सलाईनचा हा पूर्वज. त्यांच्या पहिल्या रुग्णाला, एका वृद्ध स्त्रीला, अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास पाणी गेले. बसलेले डोळे उघडले, नाडी लागली, चेहऱ्यावर रंग आला. लाट्टा निर्धास्त होऊन निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती बाई गेली. उपाय बरोबर होता, पण तो वेळेआधीच थांबवला गेला. कॉलऱ्यात रक्तातले पाणी आणि क्षार निघून जातात, हे दाखवून देणारा तरुण म्हणजे विल्यम ओ'शॉघ्नेसी. भारतात तारयंत्राचे जाळे विणणारा तो हाच. इतिहासात माणसे अशी अनपेक्षित वळणावर पुन्हा भेटतात.

आता थोडे गणित. शिरेतला दाब फार कमी असतो. बाटली एक मीटर उंच टांगली, तर तिच्यातील द्रवाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७५ मिलिमीटर इतका भरतो. संथपणे रक्त देण्यास तेवढा पुरतो. पण रक्त भळभळा वाहत असेल, तर रुग्णाच्या शिरा चिपकतात, सुई बारीकच घालता येते, आणि शीतपेटीतून आलेले थंड रक्त दाट झालेले असते. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या प्वाझेय या डॉक्टराने बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधला होता. नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट होतो. दाब दुप्पट केला तर केवळ दुप्पट. म्हणजे खरा उपाय जाड सुईचा. ती घालता येत नसेल, तर उरतो दाब.

आणि दाब म्हटला की हवा आली. काचेची बाटली काही पिळता येत नाही. आतला द्रव जोराने बाहेर काढायचा, तर आत हवाच भरावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी रक्त देण्याच्या कित्येक साधनांना रबरी फुगा जोडलेला असे. परिचारक फुगा दाबी, हवा बाटलीत जाई, रक्त नळीतून पुढे सरके. रक्त संपल्याचे एक क्षण जरी ध्यानात आले नाही, तरी तीच हवा शिरेत आणि तेथून हृदयात. जे साधन जीव वाचवायला आणले, त्यानेच जीव जायचा. दिवसभर तोफा ऐकून बधिर झालेल्या, तीन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हाती हा फुगा दिला, तर काय होईल?

आता पुन्हा बार्सिलोनाकडे वळू.

फ्रेडरिक दुरान-जोर्दा तेव्हा एकतीस वर्षांचे होते. रक्त व अन्य द्रवांच्या प्रयोगशाळेतील तपासणीत त्यांचा हात बसलेला होता. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी रक्तसंक्रमणाची सेवा उभी केली. त्यांच्या विचारातला वेगळेपणा असा, की त्यांनी आघाडीवरच्या डॉक्टरकडून कौशल्याची अपेक्षाच धरली नाही. जे काही कठीण आहे, ते सारे शहरातच उरकून टाकायचे.

त्यांनी केवळ ‘ओ’ गटाचे दाते घेतले, म्हणजे आघाडीवर रक्तगट जुळवत बसायला नको. गुप्तरोगाची तपासणी केली. रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट घातले, सोबत थोडे ग्लुकोज. मग सहा दात्यांचे रक्त एकत्र करून गाळले. हे मिश्रण कशासाठी? ‘ओ’ गटाच्या एखाद्या दात्याच्या रक्तद्रवात दुसऱ्या गटाच्या पेशींना घातक ठरणारे घटक फार तीव्र असू शकतात. सहा जणांचे रक्त मिसळले की ती तीव्रता पातळ होते. अखेर ते ३०० मिलिलिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरायचे, आणि त्यातच सुमारे दोन वातावरणांच्या दाबाने निर्जंतुक हवा कोंडून काच वितळवून तोंड बंद करायचे.

जोर आघाडीवर नव्हे, कारखान्यातच भरला गेला. ब्लंडेलची पिचकारी, परिचारकाचा रबरी फुगा, बाटली टांगायचा खांब, या सर्वांची जागा त्या कोंडलेल्या हवेने घेतली. कुपीला गाळणी, रबरी नळी आणि सुई जोडायची, काचेचे टोक मोडायचे. रक्त आपोआप वाहू लागे. बाहेरच्या हवेपेक्षा किमान एका वातावरणाने जास्त दाब म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवर, तीन मजली घराच्या गच्चीवर बाटली टांगल्यासारखे! खंदकात, हलत्या मोटारीत, तंबूत, जेथे टांगायला खिळादेखील नाही तेथे.

दोष होताच. रक्त संपत आले की नळी वेळीच चिमटीत धरण्याला पर्याय नव्हता. दाबाखालची काच प्रवासात सांभाळणे हेही सोपे काम नव्हे. आणि अनेकांचे रक्त मिसळल्यास एकाचा आजार कितीतरी जणांकडे पोहोचतो, हे दुसऱ्या महायुद्धात काविळीच्या अनुभवाने जगाला कळले. पण १९३६ मध्ये प्रश्न समोर मरणाऱ्या सैनिकाचा होता, आणि त्याचे उत्तर या कुपीत होते. जानेवारी १९३९ पर्यंत या सेवेने नऊ हजार लिटरांहून अधिक रक्त तयार केले. शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी आपल्या विभागाला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले ते १९३७ साली. तोवर बार्सिलोनाच्या कुप्या कित्येक महिने धावत होत्या.

स्पेनमधील रक्तसेवा म्हटले, की वाचकांना आठवतात ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. महाराष्ट्रात तर हे नाव घरचेच. बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले आणि १९३९ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी वाहिली आणि १९४२ मध्ये त्यांनीही तेथेच देह ठेवला. बेथ्यून यांचे माद्रिदमधील काम मोठेच होते. बाटल्यांतले रक्त घेऊन ते थेट गोळीबाराच्या तोंडी गेले. पण त्यांची सेवा सुरू झाली १९३६ च्या अखेरीस, आणि ते स्पेनमध्ये काही महिनेच राहिले. दुरान-जोर्दा यांची सेवा आधी सुरू झाली आणि शहर पडेपर्यंत चालली. एकाच्या वाट्याला पुतळे आले. दुसऱ्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक तेवढे घेतात. हरलेल्या बाजूचा माणूस, त्यात बोलका नव्हे तर प्रयोगशाळेतला; हे तसे नेहमीचेच.

२६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना फ्रँकोच्या हाती गेले. दुरान-जोर्दा निसटून इंग्लंडला पोहोचले. लंडनच्या डॉ. जॅनेट व्हॉन यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. व्हॉन स्वतः रक्तविकारांच्या तज्ज्ञ. स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी त्यांनी निधी जमवला होता. आता युद्ध लंडनवर येणार हे त्यांना दिसत होते. बाँब पडल्यावर दूरध्वनी करून दाते बोलावता येणार नाहीत, हे सांगायला समोर प्रत्यक्ष अनुभवी माणूस बसला होता. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये दुरान-जोर्दांनी बार्सिलोनाच्या सेवेचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा लंडनभोवती चार रक्तकेंद्रे होती. स्लाउ येथील केंद्र व्हॉन यांच्याकडे होते, आणि तेथून रक्त जाई ते आइस्क्रीमच्या गाड्यांतून. बार्सिलोनात मासळीची मोटार, इंग्लंडात आइस्क्रीमची!

मात्र ब्रिटिशांनी कुपी घेतली नाही. त्यांनी दुधाच्या बाटलीवरून बेतलेली, कमरेशी निमुळती बाटली घेतली, आणि ती टांगली. पुन्हा ग्रॅव्हिटेटर. स्वस्त, धुऊन वापरता येणारी, कोणत्याही परिचारिकेला समजणारी वस्तू. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. दुरान-जोर्दा मँचेस्टरला रोगनिदानतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले आणि १९५७ मध्ये तेथेच निवर्तले.

हवेचा पेच सुटला तो वेगळ्याच दिशेने. अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी १९५० च्या सुमारास प्लास्टिकची मऊ पिशवी तयार केली. काच पिळता येत नाही, पिशवी येते. रक्त जाईल तशी ती चपटी होते. आत हवा शिरण्याचे कारणच उरत नाही. मग दाब आत भरायचा कशाला? तो बाहेरून द्यावा. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखे एक जाळीचे आवरण पिशवीभोवती गुंडाळायचे, हातातला फुगा दाबून ते फुगवायचे, आणि काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरवर नेऊन ठेवायचा. तेवढा दाब टांगून मिळवायचा, तर पिशवी चार मीटर उंच न्यावी लागेल, म्हणजे छताच्याही वर. अपघात विभागात आपण पाहिली असेल ती ही ‘प्रेशर बॅग’. सलाईनची पिशवी लावतानाही तिच्यात आधीपासून उरलेली हवा परिचारिका आजही काळजीने बाहेर काढते, आणि मगच फुगा दाबते.