ब्राउनिंगची रायफल आणि नाशिक

परवा रात्री अमेरिकेतून मित्राचा फोन आला. आम्ही नाशिकला एकाच बेंचवर इंजिनिअरिंग केलं, आता तो मिनेसोटात असतो. तिकडे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन असतो आणि यंदा ऑफिसातल्या लोकांनी ह्यालाही बोलावलंय. पठ्ठ्याचा प्रश्न असा: "लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यायचीय. मॅकेनाज गोल्डमध्ये असते तसली, जुन्या घाटाची. कुठली घेऊ?"

आता मला काय कळतंय त्यातलं! एनसीसीत पॉइंट टू-टूने दहा गोळ्या झाडल्या, त्यातल्या टार्गेटला किती लागल्या ते विचारू नका. पण विषय डोक्यात बसला आणि शनिवार-रविवार वाचनात गेला. वाचता वाचता गाडी मिनेसोटाहून थेट आपल्या नाशकात आली. म्हणून हा लेख.

आधी यंत्र समजून घेऊ. लिव्हर म्हणजे चापाखालची ती कडी. ती खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, परत वर ओढली की नवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं. १८६० मध्ये हेन्री नावाच्या माणसाने अशी रायफल बनवली, त्यात सोळा काडतुसं मावायची. बाकी जग एकेक गोळी भरत असताना सोळा! पुढे विंचेस्टर कंपनीने हीच कल्पना वाढवली आणि १८७३ चं त्यांचं मॉडेल घराघरांत पोचलं.

पण ह्या डिझाइनमध्ये दोन बग होते. पहिला, आतला सांधा नाजूक, जोरदार काडतुसाचा दाब त्याला झेपत नसे. दुसरा मजेशीर आहे. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवलेली, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं. आणि ठिणगी पाडणारी टोपी नेमकी त्या बुडातच. गोळी टोकदार असली आणि धक्का बसला तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे लिव्हर-ॲक्शनच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. चपटी गोळी हवा जास्त कापते, लवकर मंदावते, आणि लांबचा नेम बोंबलतो.

पहिला बग सोडवला जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटा राज्यातल्या ऑग्डन गावच्या बंदूकवाल्याचा हा मुलगा. डिग्री वगैरे काही नाही. त्याने १८८६ च्या मॉडेलमध्ये उभ्या सरकणाऱ्या पोलादी पट्ट्यांनी बोल्ट मागून घट्ट अडकवला. १८९४ मध्ये हलकं, सुटसुटीत मॉडेल काढलं, तेच पुढे 'थर्टी-थर्टी' काडतुसासकट अमेरिकन शिकाऱ्याची घरातली रायफल झालं. त्याच्या सत्तर लाखांच्या वर प्रती बनल्या. १८९५ मध्ये त्याने दुसरा बगही काढला. काडतुसं नळीऐवजी पेटीत एकावर एक ठेवली, म्हणजे टोकदार गोळीही चालते. पहिल्या महायुद्धात रशियाने ह्या मॉडेलच्या जवळपास तीन लाख रायफली विकत घेतल्या!

तर असा हा ब्राउनिंग. लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मला पडलेला पुढचा प्रश्न: शिकार तर आपल्याकडेही धो धो चालायची, मग जुन्या फोटोंत मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या साहेबाच्या हातात विंचेस्टर का दिसत नाही? एक कारण सावजाचं. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी साहेब लोक दुनळी रायफल पसंत करत. दोन नळ्या, दोन चाप, एक बिघडली तरी दुसरी हाताशी. हरणं-चितळांसाठी बोल्टवाली मॉझर होती, जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रिग्बी त्याच जातीची. दुसरं कारण कायद्याचं. १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात .४५० ची काडतुसं बंद केली, कारण त्यांच्या गोळ्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरल्या जातील अशी धास्ती होती. झालं, लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे नवीन मापं काढली. थोडक्यात, काडतुसाचं माप वाघाने ठरवलं नाही, बंडाच्या भीतीने ठरवलं.

हे झालं साहेबांचं. आपल्या लोकांना मुळात "कुठली घेऊ?" हा प्रश्नच नव्हता. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा केला, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. त्यामुळे १९०९ साली नाशिकच्या मुलांना हत्यार हवं होतं तेव्हा ते दुकानातून येणं शक्य नव्हतं. ते लंडनहून आलं. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या हाती वीस पिस्तुलं पाठवली, ट्रंकेच्या खोट्या तळात दडवून. पिस्तुलं कोणाच्या डिझाइनची? ब्राउनिंगच्या.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग, बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक, लोक त्यांना पंडित म्हणत. पण बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वर पाठवणारेही तेच, आणि त्या खटल्यात बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती. औरंगाबादहून आलेल्या, अठराच्या आसपासच्या अनंत कान्हेरेने त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिघे फाशी गेले.

गंमत म्हणू की काय म्हणू, त्याच १९०९ मध्ये माजी अध्यक्ष रूझवेल्ट आफ्रिकेत सिंहांची शिकार करत होते, हातात ब्राउनिंगचीच १८९५ ची लिव्हर-ॲक्शन. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली दोन यंत्रं. एकीचं फळ भिंतीवर लावायची मुंडकी, दुसरीचं चार मृत्यू आणि नाशिक कट खटला. डिझायनर ऑग्डनमध्ये ड्रॉइंग काढतो, त्याचा वापर कोण, कुठे, कशासाठी करेल हे त्याला कुठे माहीत असतं? आपण लिहिलेल्या कोडचंही तसंच आहे, फरक इतकाच की आपल्या कोडने सहसा कोणी मरत नाही.

मी रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायला जातो. नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. इतकी वर्षं ते नाव म्हणजे नुसता पत्ता होता. काल मात्र चार फेऱ्यांनंतर पाटीसमोर थांबलो. माझी कॉलेजची पहिली केटी लागली त्या वयाचा पोरगा. त्याला हीरो म्हणायचं की एका पंडिताला मारणारा म्हणायचं, ह्यावर आमच्या घरातही एकमत होणार नाही. पण त्याच्यासमोर मिनेसोटातल्यासारखं शो-केस नव्हतं, एवढं मला आता पक्कं माहीत आहे.

असो. मित्राला उत्तर द्यायचं होतं. लिहून पाठवलं: "दाट झाडीत, शंभर-दीडशे यार्डांच्या आत, थर्टी-थर्टी पुरेशी. दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन ३३६ बघ, तिची पुंगळी बाजूने पडते. जुन्या विंचेस्टर ९४ मधून ती वरून उडते, दुर्बिणीच्या आड येते. दुर्बीण नको असेल तर ९४ च घे, उचलायला हलकी. लांबचा नेम धरू नकोस, जखमी हरीण जंगलात सोडून येणं वाईट. आणि पैसे भरण्याआधी एकदा स्वतःला विचार, चाप ओढायचाय का नक्की? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून हा प्रश्न बहुतेक सुटलाय, तुझा तुलाच सोडवावा लागेल."

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "९४ आवडली रे. पण पहिल्या वर्षी नुसताच त्यांच्याबरोबर जाऊन बसतो, मग ठरवतो."

मला वाटतं बरोबर आहे त्याचं. तुम्हाला काय वाटतं?