रविवार आला कुठून?

नातवंडांना रविवार पावसासारखा वाटतो. आपोआप येणारा. सोमवार ते शनिवार शाळा आणि मग रविवार, हे सगळं सृष्टीच्या आरंभापासून असंच चाललंय अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचं कशाला, परवा बोलता बोलता लक्षात आलं की त्यांच्या आईवडिलांचीही तीच समजूत आहे! म्हणून म्हटलं, जन्मभर इतिहास शिकवला, तर याही विषयावर चार ओळी लिहाव्यात. घरातले वाचतील, आणि ब्लॉगवरची नेहमीची मंडळी आहेतच.

तर मंडळी, आपल्याकडच्या रविवारला तारीख आहे. १० जून १८९०. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानं कामगारांना दर रविवारी सुट्टी द्यायचं मान्य केलं. (तो दिवस मंगळवार होता, हे मी मुद्दाम हिशेब करून काढलं. जुनी खोड!)

त्याआधी वार होते, आठवडा होता, पण आठवड्याची सुट्टी ही कल्पना आपल्याकडे रुजलेली नव्हती. सुट्टी असे ती तिथीवर. वेद शिकणाऱ्यांना अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा या दिवशी अनध्याय. काही गावांत अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. म्हणजे बैलाला विश्रांती मिळे, आणि त्याच्या निमित्तानं माणसालाही. शिवाय आठवडी बाजाराचा दिवस. आजोबा बाजारातून परत येताना धोतराच्या सोग्यात भत्ता नाहीतर रेवड्या बांधून आणायचे आणि पोरं वेशीपर्यंत वाट बघायला जायची. ही गोष्ट माझ्या पिढीनंही थोडीफार पाहिली आहे.

पण त्या काळात आजी-आजोबा आणि नातवंडांनी एकत्र खेळायला वेगळा दिवस लागत नव्हता. सगळे एकाच घरात. आजोबा ओसरीवर वळत बसलेले दोर, शेजारी नातू चिंचोके मोजतोय. आजी निवडतेय तांदूळ, नात सागरगोटे खेळतेय आणि मध्येच आजीचा एक झेल. काम आणि खेळ यांच्यामध्ये भिंत नव्हती. मात्र याचं फार गोड चित्र रंगवू नये. त्याच घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न झालेलं असायचं, आणि तिचे सागरगोटे माहेरी राहायचे.

ही भिंत उभी राहिली ती गिरण्या आल्यावर. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची उभारणी १८५४ साली सुरू केली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत परळ, भायखळा, लालबाग या भागात धुराडी दिसू लागली. रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून माणसं आली. काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही जास्त! गिरणी बंद असेल त्या दिवशी यंत्रं पुसायला, साफ करायला पुन्हा कामगारांनाच बोलवत.

आणि मुलं? १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्यानं ठरवलं की सात वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. ही सुधारणा होती, बरं का! म्हणजे त्याआधी काय असेल याची कल्पना करा. मी दुसरीच्या वर्गालाही शिकवलं आहे. सात वर्षांचं मूल म्हणजे दात पडलेलं, दप्तर सांभाळता न येणारं, मधल्या सुट्टीत डबा अर्धा सांडणारं. ते नऊ तास सुताच्या कचऱ्यात उभं राहायचं, आणि हे कायदेशीर होतं. त्या मुलाचा खेळ कुठे गेला, हे कुठल्या अहवालात सापडायचं?

आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे येते. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असलं तर एका ओळीत असतं, आणि ती ओळ मुलं ‘गाळलेल्या जागा भरा’साठी पाठ करतात. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मांडवीच्या एका गिरणीत ते भांडारपाल होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. पुढे नोकरी सोडून त्यांनी ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र मुंबईतून चालवलं. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या काय होत्या पाहा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत वेतन. आज वाचताना वाटतं, यात नाही म्हणण्यासारखं होतं तरी काय? पण पहिल्याच मागणीला सहा वर्षं लागली.

‘तुम्ही ख्रिस्ती नाही, तुम्हाला रविवार कशाला?’ हा सवाल तेव्हा यायचाच. त्यावर लोखंड्यांनी ‘रविवार आमच्या खंडोबाचा वार’ असं उत्तर दिलं, असं सांगतात. ते त्यांनी नेमकं कोणत्या शब्दांत मांडलं हे बाजूला ठेवू, पण उत्तर अस्सल मराठी आहे! साहेबाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीचा वार एकच निघाला, आणि कामगाराला तो आपला म्हणता आला.

इथे एक गुंतागुंत सांगायला हवी, कारण इतिहास नायक-खलनायक असा सरळ नसतो. कारखाने कायद्याच्या मागे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा रेटा होता. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, ते महाग व्हावं ही त्यांची इच्छा. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ देशाभिमानी वर्तमानपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तर्क समजतो. पण नऊ तास उभं राहणाऱ्या पोराच्या बाजूनं पाहिलं तर नाही समजत. माझं मत पोराच्या बाजूचं. असो.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. त्या दोघी कोण, घरी त्यांची मुलं कुणाजवळ होती, असे प्रश्न मला नेहमी पडतात. आजीजवळ म्हणावं तर बहुतेकांच्या आज्या गावाकडे. जून महिन्यात मालकांनी रविवार मान्य केला आणि १८९१ च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी कारखान्यांना बंधनकारक केली. मुलांचं किमान वय नऊ झालं, त्यांचे तास सात झाले. लोखंडे त्यानंतर फार जगले नाहीत. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत गेले. २००५ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं, ते मी जपून ठेवलं आहे.

मिळालेल्या रविवारचं कामगारांनी काय केलं? न्हाणं, कपडे धुणं, हजामत, जमलं तर मटण, आणि झोप. ज्यांची बायकामुलं मुंबईत होती त्यांना एक जागा अगदी हाताशी होती, भायखळ्याची राणीची बाग. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली. नाव व्हिक्टोरिया राणीचं, आणि आता नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला आजही राणीचा बागच सांगावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या पोराला तिथे धावायला गवत मिळालं, पाहायला वाघ मिळाला. आवारातल्या संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, तो पिंजऱ्याबाहेरचा म्हणून लहान मुलांना अधिक आवडतो असा माझा अनुभव. २०१७ पासून तिथे पेंग्विनही बघायला मिळतात. (बुधवारी बंद असते. नातवंडांना घेऊन जाल तर तेवढं लक्षात ठेवा.)

पण या चित्रात आजी-आजोबा नाहीत, हे माझ्या मनाला लागतं. गिरणगावात राहत होती ती मुख्यतः कमावती माणसं. कोकणच्या, घाटावरच्या गाळ्यांत, खाणावळींत जेवणारी. म्हातारी माणसं गावाला, शेतीच्या तुकड्यापाशी. मुंबईचा रविवार बापानं जिंकला, पण त्या रविवारी पाठीवर घोडा घोडा करणारे आजोबा दोनशे मैलांवर. त्यांची आणि नातवंडांची गाठ मे महिन्यात नाहीतर गणपतीत. वर्षाचे बावन्न रविवार त्या एका महिन्यात खेळून काढायचे. सुट्टीत गावाहून मुंबईला परतणाऱ्या एसटीला टेकून उभी राहिलेली म्हातारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

मध्यमवर्गीय घरांचा रविवार थोडा वेगळा झाला. तिथे आजी-आजोबा बहुधा घरात असत. पत्ते निघत. पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट मोठ्यांचे, बदाम सात सगळ्यांचा, आणि अगदी लहानांसाठी भिकार-सावकार, ज्यात अक्कल लागत नाही आणि म्हणूनच आजोबा आणि चार वर्षांचा नातू बरोबरीनं हरतात. पुण्यात पेशवे पार्क १९५३ साली सुरू झालं आणि ८ एप्रिल १९५६ रोजी तिथे ‘फुलराणी’ धावू लागली. हा दिवस मात्र रविवार होता! छोट्या डब्यात गुडघे दुमडून बसलेले आजोबा हे दृश्य पुण्याच्या तीन पिढ्यांनी पाहिलं आहे. तिथले प्राणी १९९९ साली कात्रजला गेले.

या सगळ्यात आजी कुठे होती? स्वयंपाकघरात. रविवार म्हणून जेवण जास्त, म्हणून भांडी जास्त, म्हणून आजीचा आणि आईचा डाव नेहमी अर्धा. ‘माझे पत्ते पालथे ठेव रे, आलेच’ म्हणून उठलेली बाई परत येईपर्यंत खेळ संपलेला. महालक्ष्मीच्या मैदानावर बोललेल्या त्या दोघींनी जो दिवस मागितला, तो स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही.

मग आला टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी सगळी आळी. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. आजी आंघोळ करून संचाला हार घालून बसायची आणि नातवंडं तिच्या मांडीला टेकून. पत्ते कपाटात गेले ते तेव्हा, असं मी म्हणेन. पण एक कबूल करायला हवं, त्या तासाभरात आजीला स्वयंपाकघरातून कुणी हाक मारत नसे.

आता काळ उलटा झाला आहे. केंद्र सरकारी कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली आला, आपल्या राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून. कंपन्यांतून तर शनिवार-रविवार केव्हाच जोडीनं आला. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार नातवंडं आजी-आजोबांच्या ताब्यात. शाळेची बस, डबा, पाढे, गुडघ्याला लागलं तर हळद. शनिवार उजाडला की आईबाबा मुलांना घेऊन बाहेर, आणि आजी-आजोबांना सुट्टी! माझ्या वयाच्या मैत्रिणी हसत हसत म्हणतात, ‘आमचा वीकेंड म्हणजे नातवंडांपासून वीकेंड.’ त्यातलं हसू किती खरं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर शनिवारी दुपारी घर शांत झालं की पहिला तास बरा वाटतो, दुसरा नाही.

आणि बाहेर म्हणजे कुठे? मॉलमध्ये. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख कामगारांचं जे झालं ते झालं, गिरण्या गेल्या, जागा राहिल्या. सुताचा धूर जिथे होता तिथे रविवारी सात वर्षांची मुलं खेळतात. चांगलंच आहे. कुणी आजोबा बरोबर असतील तर त्यांनी तिथला एखादा जुना धुराड्याचा बुंधा नातवाला दाखवावा, एवढंच.

परदेशी असलेल्या नातवंडांचा रविवार आणखी वेगळा. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. पडद्यावर पत्ते खेळता येत नाहीत, वाटायचे कुणी? पण ‘नाव-गाव-फळ-फूल’ झकास जमतं. आमच्याकडे हल्ली तेच चालतं. ‘ण’ नको, ‘ळ’ नको, एवढी अट. गेल्या रविवारी ‘ज’ आला. गाव म्हणून मी ‘जेजुरी’ लिहिलं, आणि पलीकडून ‘जर्सी सिटी’ आलं. दहा दहा गुण दोघांना.