व्हॉइस असिस्टंट : हात गुंतलेल्यांसाठी, डोळे थकलेल्यांसाठी

फोनमधील व्हॉइस असिस्टंट म्हणजे हवामान विचारण्याचे आणि मुलांना विनोद ऐकवण्याचे खेळणे, अशी समजूत ब्रिटनमधील आपल्या अनेक घरांत आढळते. ज्याचे हात मोकळे आहेत, ज्याला बारीक अक्षर दिसते आणि इंग्रजी सहज लिहिता येते, त्याला या साधनाची फारशी गरज भासत नाही हेही खरे. यांपैकी एक गोष्ट जरी उणी झाली, तरी चित्र पालटते. गाडी चालवणारा माणूस, कणकेने हात भरलेली गृहिणी, मोतिबिंदूमुळे पडद्यावरचे अक्षर न लागणारे आजोबा यांना ते खरोखर उपयोगी पडते. सर्वाधिक उपयोग होतो तो सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि अनोळखी देशातल्या घरात दिवसभर एकटे. अशा वेळी नुसत्या बोलण्याने मुलाला फोन लागणे ही चैन नव्हे.

सिरी ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४ एस बरोबर आली, गुगल असिस्टंट २०१६ मध्ये. मराठी भाषकांच्या दृष्टीने महत्त्वाचे टप्पे मात्र त्यानंतरचे. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून मजकूर लिहिण्याची सोय दिली. २०१८ मध्ये गुगल असिस्टंटला मराठी येऊ लागले आणि जून २०२४ मध्ये जेमिनी हे ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांत उपलब्ध झाले. ॲपलने २०२४ च्या आयओएस १८ मध्ये भारतीय इंग्रजी निवडणाऱ्यांना इंग्रजीत मराठी मिसळून सिरीशी बोलण्याची मुभा दिली. असिस्टंटची जागा टप्प्याटप्प्याने जेमिनी घेईल असे गुगलने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले असल्याने, सेटिंग्जमध्ये या दोहोंपैकी कोणतेही नाव दिसू शकते. थोडक्यात, केवळ मराठी बोलणाऱ्या व्यक्तीसाठी आज अँड्रॉइड फोन अधिक सोयीचा आहे. मुलांनी हौसेने आईला आपला जुना आयफोन देण्यापूर्वी याचा विचार करावा.

आधी मशागत

हे साधन निरुपयोगी ठरते ते बहुधा यंत्राच्या दोषामुळे नव्हे, तर तयारी न केल्यामुळे. पहिली बाब नावांची. आपल्या कॉन्टॅक्ट्समध्ये "सचिन ऑफिस नवा", "ताई यूके २" अशी नावे साठलेली असतात. तोंडाने मात्र कुणी तसे म्हणत नाही. ज्या नावाने हाक मारली जाते, त्याच नावाने नोंद असावी. आई मुलाला "बाळू" म्हणत असेल तर फोनमध्येही "बाळू"च असू द्यावे. एकाच नावाची तीन माणसे असल्यास यंत्र "कोणता?" असे विचारते आणि तिथेच वृद्ध माणूस गोंधळतो, म्हणून रोज लागणारी पाच-सहा नावे एकमेकांपासून स्पष्ट वेगळी ठेवावीत.

इंग्रजी सिरीला ज्ञानेश्वर, मृणालिनी, आशुतोष ही नावे पेलत नाहीत. त्यावर उपाय आहे. आयफोनच्या कॉन्टॅक्टमध्ये नावाच्या उच्चाराचा वेगळा रकाना जोडता येतो आणि त्यात उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो. शिवाय कोण कोणाचे कोण, हे नातेही नोंदवता येते. मग नाव न घेता मुलाला किंवा मुलीला फोन लावायला सांगता येते.

दुसरी बाब लॉक स्क्रीनची. फोन बंद कुलपाआड असताना असिस्टंट ऐकणार की नाही, हे सेटिंग्जमध्ये ठरवता येते. वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही सोय चालू ठेवावी, कारण बोट टेकवून कुलूप उघडणे त्यांना जमतेच असे नाही. कामाच्या ठिकाणी टेबलावर पडून राहणाऱ्या आपल्या स्वतःच्या फोनवर ती बंद ठेवणे शहाणपणाचे.

तिसरी बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे इंटरनेट. असिस्टंटची बहुतेक कामे दूरच्या सर्व्हरवर होतात. नव्या आयफोनमध्ये आयओएस १५ पासून टायमर लावण्यासारखी काही कामे फोनमध्येच होतात, पण रस्ता विचारायचा तर जोडणी हवीच. भारतातून आलेल्या पालकांचा फोन घरातल्या वायफायवर उत्तम चालतो. रोमिंगचा खर्च नको म्हणून डेटा मात्र बंद ठेवलेला असतो. परिणामी ज्या क्षणी ते घराबाहेर पडतात, म्हणजे ज्या क्षणी मदतीची खरी गरज उत्पन्न होते, त्याच क्षणी फोन मुका होतो. येथील साधे प्रीपेड सिम आल्या दिवशीच घालून द्यावे.

बोलण्याच्या पद्धतीविषयी एक गंमत. आपली वडील मंडळी यंत्राशीही अदबीने बोलतात : "अहो, जरा बाळूला फोन लावून देता का?" लहान, सरळ आज्ञा यंत्राला अधिक निश्चित कळते : "बाळूला फोन लाव." हा "तू" वापरायला काही आज्यांना संकोच वाटतो. नातवंडांनी आठवडाभर सोबत बसून सराव करून घेतला की तो जातो.

गाडीत

मोटार चालवताना फोन हातात घेण्याविषयीचा ब्रिटनमधील कायदा २५ मार्च २०२२ पासून कडक झाला. पूर्वी बोलणे आणि संदेश पाठवणे एवढेच गुन्ह्यात मोडत असे. आता हातात फोन धरून गाणे बदलणे किंवा छायाचित्र काढणे हाही गुन्हाच. लाल दिव्यापाशी किंवा वाहतूक तुंबलेली असताना गाडी उभी असली, तरी सुटका नाही. दंड २०० पौंड आणि परवान्यावर ६ गुण. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील तर ६ गुणांनी तो रद्दच होतो. भारतातून आल्यावर येथील परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेल्या आपल्यातील अनेकांना हा नियम थेट लागू पडतो.

हात न लावता, आवाजाने फोन वापरण्यास कायद्याची मुभा आहे. फोन काचेला किंवा डॅशबोर्डला दृष्टीआड न येईल असा बसवावा आणि निघण्यापूर्वीच पत्ता सांगून ठेवावा. पोस्टकोड इंग्रजीतून सांगितलेला बरा. "पुढचा पेट्रोल पंप कुठे", "घरी पोचायला वीस मिनिटे लागतील असा निरोप पाठव", "आलेला निरोप वाच" ही कामे गाडीत बिनबोभाट होतात. मात्र रोमन लिपीत लिहिलेले मराठी निरोप इंग्रजी आवाज वाचू लागला की अर्थाचा अनर्थ होतो. आणि मुभा असली तरी लक्ष विचलित होऊन गाडीवरील ताबा सुटल्याचे पोलिसांना दिसले, तर आवाजी वापरावरही कारवाई होऊ शकते. वाद घालण्याचे फोन घरी पोचल्यावर करावेत.

स्वयंपाकघर आणि देवघर

येथे टायमरचे राज्य आहे. कुकर, भात, ओव्हनमधला केक असे एकाच वेळी अनेक टायमर नाव देऊन लावता येतात. आयफोनला ही सोय २०२३ च्या आयओएस १७ मध्ये मिळाली. मापांचे रूपांतर हा दुसरा मोठा उपयोग. ब्रिटिश पाककृतीत "गॅस मार्क ४" लिहिलेले असते, ते म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस. अमेरिकी कृतीत फॅरनहाइट. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकी ४७३ चा. एका स्टोनमध्ये १४ पौंड, म्हणजे साधारण ६.३५ किलो. पिठाचे हात न धुता हे सारे विचारता येते.

संकष्टीचा चंद्रोदय विचारताना गावाचे नाव अवश्य घ्यावे. चंद्रोदय स्थळानुसार बदलतो, आणि येथील उन्हाळ्यात तो मध्यरात्रीकडे झुकतो. भारतातील वेळ पाहून उपवास सोडण्यात अर्थ नाही. एकादशी किंवा सणांच्या तारखांसाठी मात्र असिस्टंटवर विसंबू नये. तो पुष्कळदा भारतातील तारीख देतो, आणि तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरत असल्याने येथे एका दिवसाचा फरक पडू शकतो.

आठवण, औषध, आणीबाणी

"रोज रात्री नऊ वाजता बीपीच्या गोळीची आठवण कर" एवढे सांगितले की काम होते. वेळ सांगताना "सकाळी", "रात्री" हा शब्द गाळू नये. साडे, सव्वा, पावणे यांबाबत यंत्राने उलट सांगितलेली वेळ कान देऊन ऐकावी. शंका वाटल्यास "पावणेसात"ऐवजी "सहा पंचेचाळीस" म्हणावे. विमानातून उतरल्यावर फोनचे घड्याळ आपोआप येथील वेळ धरते आणि जुने गजर स्थानिक वेळेनुसार वाजू लागतात. भारत हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. इन्सुलिनसारखे औषध ठरावीक अंतराने घ्यायचे असेल तर नवे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि मगच ते फोनला सांगावे. मात्रा किती घ्यावी, दोन गोळ्या एकत्र चालतील का, हे प्रश्न असिस्टंटला विचारूच नयेत. नवे असिस्टंट चुकीचे उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देतात. तातडीचे नसलेले दुखणे असल्यास १११ हा एनएचएसचा क्रमांक आहे.

पडल्यामुळे उठता येत नसेल आणि फोन हातभर दूर असेल, तर आवाजाने ९९९ लावता येतो. ११२ हाही क्रमांक येथे चालतो. मोबाइलवरून असा फोन केल्यास बहुतेक फोन आपले ठिकाण आपोआप कळवतात, पण इमारतीतला मजला किंवा फ्लॅटचा क्रमांक त्यातून समजत नाही. म्हणून पत्ता आणि पोस्टकोड इंग्रजीतून म्हणण्याचा सराव आईवडिलांकडून करून घ्यावा आणि तो मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावावा. फिरायला गेल्यावर वाट चुकली तर "मी कुठे आहे?" हा प्रश्न उपयोगी पडतो. सराव मुलाला फोन लावून करावा. ९९९ लावून पाहू नये.

लिहिता न येणाऱ्यांचे लेखन

माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वाधिक मोलाची सोय म्हणजे मराठीतून बोलून लिहिणे. जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून माइकचे चिन्ह दाबले की बोललेले शब्द देवनागरीत उमटतात. देवनागरी कीबोर्डवर एक एक जोडाक्षर शोधण्याचा त्रास संपतो. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांना तर हे वरदानच वाटते. विरामचिन्हे नंतर घालावी लागतात, विशेषनामे तपासावी लागतात. पण भावाला लिहायचे सविस्तर पत्र चार मिनिटांत तयार होते. शेजारच्या इंग्रज बाईंशी बोलायचे असेल तर गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी बोलून इंग्रजी ऐकवता येते. वाक्ये छोटी ठेवावीत आणि म्हणी टाळाव्यात.

सावधगिरी

"बँकेला फोन लाव" असे कधीही म्हणू नये. असिस्टंट इंटरनेटवर जो क्रमांक सापडेल तो लावतो, आणि तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही असतात. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक कॉन्टॅक्ट्समध्ये नोंदवून ठेवावा. ब्रिटनमधील बहुतेक मोठ्या बँकांसाठी १५९ हा समाईक क्रमांक २०२१ पासून आहे. संशयास्पद फोन आला तर तो ठेवून १५९ लावावा.

खासगीपणाची भीती अनाठायी नाही. सिरीच्या ध्वनिमुद्रणांचे काही नमुने कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचे जुलै २०१९ मध्ये उघड झाले. ॲपलने ते काम थांबवले आणि पुढे ते वापरकर्त्याच्या संमतीवर ठेवले. अमेरिकेतील संबंधित खटल्यात कंपनीने आरोप अमान्य करीत ९ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. जुनी नोंद आयफोनवर सिरीच्या सेटिंग्जमधून आणि गुगलवर खात्याच्या "माय ॲक्टिव्हिटी" या पानावरून पुसता येते. पालकांचा फोन मुलाच्या गुगल खात्याने चालू करून दिला, तर त्यांचे सारे बोलणे त्या खात्यात साठते आणि मुलाच्या भेटीगाठींची स्मरणपत्रे आईच्या उशाशी वाजतात. वेगळे खाते काढायला दहा मिनिटे लागतात.

परतीच्या प्रवासापूर्वी नकाशातील "घर" हा पत्ता बदलून द्यावा. नाही तर सांगलीच्या बसस्थानकावर उतरून "घरी ने" म्हटले की फोन हॅरोचा रस्ता शोधू लागतो.