दोन पत्रांमधले अंतर

आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास आपण आजवर प्रामुख्याने प्रवेशाचा इतिहास म्हणून लिहिला. वर्गाबाहेर गोणपाटावर बसलेले पोर, पाण्याच्या माठाला शिवायची बंदी, संस्कृत शिकवायला दिलेला नकार हे सारे आपण लिहिले आणि ते लिहिणे आवश्यकच होते. परंतु दार उघडल्यानंतर आत पाऊल टाकायला पैसा लागतो. तो पैसा कोण देतो, कोणत्या अटींवर देतो, आणि तो हातात पडेपर्यंत विद्यार्थी किती दिवस ताटकळतो, हा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही. प्रवेशाचे पत्र वेगळे आणि पैशाचे पत्र वेगळे. या दोन पत्रांमध्ये जे अंतर पडते त्यात आपली किती माणसे हरवली, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

हा विचार मनात येण्याचे निमित्त माजरीचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातले माजरी हे वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचे जंक्शन. वणीकडे जाणारा फाटा इथून फुटतो. गावाभोवती कोळशाच्या खाणी. खाणीत राबणाऱ्या एका कामगाराची मुलगी माझी विद्यार्थिनी. पुढे ती नागपूरला चित्रकलेची पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केले. मार्चमध्ये तिला दोन पत्रे आली. एका भारतीय संस्थेने जागा दिली. तिथे फी कमी, पण राहण्याजेवण्याची सोय स्वतःची. एका परदेशी कलासंस्थेने जागा दिली आणि निम्मी फी माफ केली. उरलेली निम्मी फीच तिच्या वडिलांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी. मुलगी पत्र घेऊन माझ्याकडे आली तेव्हा सोबत वडीलही होते. त्यांनी पत्र हातात धरले, उलटून पाहिले आणि विचारले, “प्रवेशाचं पत्र आलं म्हणता, मंग पैशाचं कवा येईन जी, सर?”

इतिहासाच्या प्राध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. म्हणून मी इतिहासाकडेच वळलो.

४ जून १९१३ या दिवशी बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला. त्यापूर्वी गुरुवर्य केळुसकरांच्या शब्दामुळे सयाजीराव महाराजांनी त्यांना पदवीसाठी दरमहा २५ रुपये दिले होते. आता परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांपुरते. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील सुभेदार रामजी गेले होते. घराची जबाबदारी अंगावर, आणि हातात हा करार. सयाजीरावांचे औदार्य निःसंशय मोठे होते. त्या काळात दुसऱ्या कोणत्या संस्थानिकाने अस्पृश्य तरुणासाठी एवढे केले असते? परंतु औदार्य आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. औदार्याला मुदत असते. ती मुदत देणारा ठरवतो.

१९१६ साली मुदत संपत आली तेव्हा बाबासाहेबांचे शिक्षण संपलेले नव्हते. कोलंबियातले काम उरकून ते लंडनला गेले, अर्थशास्त्राच्या शाळेत आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. वाढवून मिळालेली मुदत अपुरी पडली. १९१७ साली प्रबंध अर्ध्यावर टाकून परतावे लागले. येताना मात्र त्यांनी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपले चरित्रलेखक ओझरते पाहून पुढे जातात: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पैशाचे पत्र संपले होते. प्रवेशाचे पत्र त्यांनी मरू दिले नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कचेरीत शिपायांनी विटाळाच्या भीतीने कागद दुरून टाकले. राहायला जागा नाही म्हणून नाव लपवून पारशी धर्मशाळेत दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ या कोलंबियाच्या पदवीधराने सार्वजनिक बागेत बसून काढला. हा अनुभव त्यांनी ज्या आत्मकथनपर लेखनात सांगितला त्याला त्यांनी नाव दिले ‘व्हिसाची वाट पाहताना’. वाट पाहणे हे आमच्या शिक्षणाचे व्यवच्छेदक लक्षण आहे, हे त्यांनी मथळ्यातच नोंदवून ठेवले.

लंडनला परत जायला १९२० साल उजाडले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. तेव्हा कुठे १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. ज्या विद्यार्थ्याला एका सलग प्रवासात जे साधता आले असते त्याला दोन प्रवास, एक नोकरी, एक कर्ज आणि एक अपमान अशी किंमत द्यावी लागली. हे बाबासाहेब होते म्हणून जमले. ज्यांना जमले नाही त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

स्वतःच्या या अनुभवातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. एखाद्या महाराजाच्या मर्जीतून मिळालेली गोष्ट त्यांनी राज्याच्या कर्तव्यात रूपांतरित केली, हे त्या निवेदनाचे मोल. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. परदेशी शिक्षणाची केंद्रीय योजना १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्राने २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अशीच योजना राबवली. प्राथमिक शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईबापांची माझ्यासारखी मुले या शिष्यवृत्तीवरच पदवीधर झाली. तेव्हा माझा आक्षेप योजनेला नाही. योजनेच्या आत दडलेल्या जुन्या दरबाराला आहे.

तो दरबार आज तीन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण वेळेचे. अर्थसाहाय्यासह जागा देऊ केली असेल तर विद्यार्थ्याकडून १५ एप्रिलपूर्वी उत्तर मागायचे नाही, असा संकेत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी पाळला आहे. भीमजयंतीचा दुसरा दिवस! मिरवणुकीचा गुलाल अंगावरून उतरायच्या आत आमच्या पोरांनी ‘येतो’ की ‘येत नाही’ हे कळवायचे. आणि सरकारचे पत्र? २०२५ साली केंद्रीय योजनेची निवड जुलैमध्ये जाहीर झाली. निवडलेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना हंगामी मंजुरीपत्रे मिळाली; उरलेल्यांना निधी उपलब्ध झाला तर पत्र देऊ, असे सांगण्यात आले. एप्रिलच्या प्रश्नाला जुलैत उत्तर, आणि तेही ‘तर’ लावून! ज्याच्या घरी पैसा आहे तो एप्रिलमध्ये ‘येतो’ म्हणून मोकळा होतो. आमचे पोर तीन महिने दोन्ही पत्रे उशाशी घेऊन झोपते.

दुसरे ठिकाण क्रमवारीचे. केंद्रीय योजनेत परदेशी संस्था जागतिक विद्यापीठ-क्रमवारीच्या पहिल्या ५०० मध्ये असावी असा निकष आहे. वरवर पाहता न्याय्य. परंतु लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट हे कला व अभिकल्प या विषयाच्या क्रमवारीत वर्षानुवर्षे जगात पहिले असूनही सर्वसाधारण क्रमवारीत त्याचे नाव नाही, कारण ते केवळ पदव्युत्तर आणि एकाच क्षेत्राला वाहिलेले आहे. म्हणजे मोजपट्टी अशी की चित्रकलेची सर्वोत्तम शाळाच तिच्यात बसत नाही. ज्याने ती ठरवली त्याच्या मनात चित्रकार होऊ पाहणारे दलित पोर आलेच नसावे. हे न येणे हाच खरा मुद्दा आहे.

तिसरे ठिकाण विषयाचे, आणि ते सर्वांत गंभीर. २०२२ साली केंद्रीय योजनेच्या नियमावलीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. याचा अर्थ काय होतो तो एका उदाहरणाने पाहू. नागपूरचे चित्रकार सावी सावरकर बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत मुद्राचित्रण शिकले. ही विद्याशाखा १९५० ची, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातली. ज्या शहराने १९१७ मध्ये बाबासाहेबांना छप्पर दिले नाही त्याच शहरातली. सावरकरांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि पाठीमागे झाडू बांधलेला अस्पृश्य येतो, देवदासी येते. त्यांचा विषय कोणता? भारतीय इतिहास, भारतीय समाज. अशी चित्रे काढायला पुढे शिकू म्हणणारी आमची मुलगी अर्जाच्या रकान्यात विषय काय लिहील? तिला पैसा हवा असेल तर स्वतःला वगळावे लागेल. बडोद्याच्या करारात नोकरीची अट होती, पण काय शिकायचे ते बाबासाहेबांनी शिकून घेतले आणि १९१६ साली कोलंबियात जातिसंस्थेवरच निबंध वाचला. शंभर वर्षांनंतर लोकशाही सरकार महाराजापेक्षा आखूड हाताने देते, हे कटू असले तरी सत्य आहे.

इथे आपल्यातूनच एक आक्षेप येईल. बाबासाहेबांनी तर विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणावर भर दिला होता. चित्रकला हे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेब सत्तेच्या जागांचा विचार करीत होते. प्रतिमा ही सत्तेची जागा नाही काय? आपला देह कसा दिसतो हे हजारो वर्षे दुसऱ्यांनी ठरवले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आपल्या लोकांनी घरातले जुने देव काढून भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. चित्राने माणूस बदलतो हे आपल्या आयांना कोणत्याही कलासमीक्षकाच्या आधी कळले होते. माजरीपासून जवळच, भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. डोंगर कोरून आत बुद्ध बसवणारे ते हात कोणाचे होते? त्यांची नावे उरली नाहीत. पुन्हा तसे होऊ नये, एवढेच या मुलीचे म्हणणे.

वाट पाहण्याची किंमत केवळ वर्षांत मोजता येत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुलाने जीव दिला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीचा, पावणेदोन लाख रुपयांचा हिशेब आहे. मरणाच्या दारात उभा असलेला विद्वानही येणे असलेल्या पैशाचे नाव घेतो, कारण त्या पैशावर घर उभे असते. शिष्यवृत्ती उशिरा येणे ही कार्यालयीन दिरंगाई आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते पत्र पुन्हा वाचावे.

मग करायचे काय? मागण्या साध्या आहेत. परदेशी शिष्यवृत्तीचा निर्णय मार्चअखेर जाहीर झाला पाहिजे, आणि निवड झाली की निधीचा ‘तर’ राहता कामा नये. कलाशिक्षणासाठी विषयाची क्रमवारी ग्राह्य धरली पाहिजे. विषयावरची बंदी उठली पाहिजे. आणि हे होईपर्यंत आपल्या संघटनांनी, नोकरदारांनी, जयंतीला लाखोंचा खर्च करणाऱ्या मंडळांनी भथेनांचे काम अंगावर घेतले पाहिजे: एप्रिल आणि जुलै यांच्यामध्ये लागणारी रक्कम उसनी देण्याचे. दान नको. उसनेच हवे, म्हणजे पुढच्या पोराला तेच पैसे मिळतील.

मुलीच्या वडिलांना मी शेवटी १९१७ ची गोष्ट सांगितली. लंडन विद्यापीठाकडून बाबासाहेबांनी चार वर्षे मागून घेतली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती दोनदा विचारून घेतली. मग माझ्यासमोरच मुलीने परदेशी संस्थेला पत्र लिहिले: जागा सोडत नाही, एक वर्ष राखून ठेवावी. भारतीय संस्थेलाही तिने होकार कळवला. तिथला खोलीभाड्याचा पहिला हप्ता भरायला वडिलांनी खाणीच्या पतसंस्थेत अर्ज केला आहे. त्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे.